बिघाड नेमका कुठे आहे, ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो.

तुम्ही एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करता. वीस तारखेला, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं ३बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी लाईट क्षणभर गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. परत चालू केल्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवायला लागला. जीएसटीचं पोर्टल नुसतं गोल फिरत राहिलं आणि साहेब मागे येऊन उभे राहिले. संध्याकाळी किराणा दुकानात यूपीआयने दिलेले साडेआठशे रुपये तुमच्या खात्यातून गेले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत. घरी आलात तर वायफाय गेलेलं आणि मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची रात्र. तुम्ही मुलीवर ओरडलात, मग स्वतःच रडलात. तुमचे प्रश्न दोन आहेत: असं झालं की डोकं शांत कसं ठेवायचं, आणि मलाच यातलं काही कळत नाही का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तसं अजिबात नाही. वीसेक वर्षं सांगली-मिरज भागातल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि नेटवर्क मी सांभाळतो. तुमची हकिकत वाचताना मला त्यात पाच वेगवेगळे बिघाड दिसले, आणि त्या पाचही बिघाडांचे धनी वेगळे. लाईट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, हा ऑफिसच्या यूपीएसचा, म्हणजे लाईट गेल्यावर काही मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या पेटीचा प्रश्न. प्रिंटर ऑफलाइन गेला, तो नेटवर्कची मांडणी करणाऱ्याचा. पोर्टल सरकारचं. पैसे अडकले ते दोन बँकांच्या मध्ये कुठेतरी. घरचं नेट केबलवाल्याचं. यातल्या एकाचाही तुमच्या हुशारीशी संबंध नाही. पण पाचही एकाच दिवशी, एकाच माणसाच्या अंगावर आले आणि तुम्हाला ते एकच मोठं संकट वाटलं. माझ्या अनुभवात माणसाला रडू येतं ते बिघाडामुळे कमी आणि बिघाड कुठे आहे हेच कळत नसल्यामुळे जास्त. जे आपल्या हातात नाही त्याच्याशीही आपण तेवढ्याच जोराने झगडत बसतो, आणि जे दहा मिनिटांत सुटलं असतं त्यासाठी त्राण उरत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे आहे का, खर्चाला साहेब हो म्हणतात का, ऑफिस भाड्याचं असेल तर वायरिंगला हात लावता येतो का, तुमच्या गल्लीत केबलवाला किती तत्पर आहे, हे मला माहीत नाही. त्यामुळे खालचं सगळंच तुम्हाला जसंच्या तसं करता येईल असं नाही. जेवढं जमेल तेवढं घ्या.

मी स्वतः कुठल्याही ऑफिसात गेलो की दुरुस्तीला लगेच हात घालत नाही. आधी भिंतीपासून बाहेरच्या दिशेने निघतो: लाईट, केबल, मशीन, राऊटर, बाहेरची लाइन आणि शेवटी पलीकडचा सर्व्हर. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट विचारतो, इथपर्यंत ठीक आहे का? साइट उघडत नसेल तर मोबाइलचं वायफाय बंद करून तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडून बघा. तिथेही उघडली नाही तर बिघाड बहुधा त्यांच्याकडे. तिथे उघडली तर तो आपल्या लाइनमध्ये किंवा आपल्या मशीनमध्ये. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडत असेल तर लाइनही सुटली, राहिलं फक्त तुमचं मशीन. दोन मिनिटांचं काम आहे. आणि त्या दोन मिनिटांनंतर मन बरंच खाली येतं, कारण आता भांडण कोणाशी आहे ते कळलेलं असतं.

पोर्टलचं आधी संपवतो, कारण त्यात तुमच्या हातात सगळ्यात कमी आहे. शेवटच्या तारखेला सगळा देश एकाच दारात उभा असतो. जानेवारी २०२५ मध्ये ११ तारखेच्या तोंडावर जीएसटी पोर्टल अडलं आणि जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचा तपशील देणाऱ्या रिटर्नची मुदत १३ तारखेपर्यंत वाढवावी लागली. त्याच वर्षी आयकर विवरणपत्राची १५ सप्टेंबरची मुदत एका दिवसाने वाढवून १६ केली गेली, तीही लोकांना पोर्टलवर अडचणी आल्यामुळे. तेव्हा गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसून उपयोग नाही. त्या वेळी तीन कामं करा. पान अडकलं की पूर्ण स्क्रीनचा फोटो काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. तक्रार टाकताना तो लागतो, साहेबांना दाखवायलाही लागतो. दुसरं, त्या पक्षकाराचं काम बाजूला ठेवून पोर्टल न लागणारं काम पुढे ओढा. तिसरं, परत प्रयत्न कधी करायचा ती वेळ ठरवा. माझ्या ओळखीचे अकाउंटंट पहाटे किंवा रात्री दहानंतर बसतात, तेव्हा गर्दी कमी असते.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. पैसे भरताना किंवा ‘सबमिट’ दाबल्यावर पान अडकलं, तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. आधी बघायचं की पहिलं गेलंय का. बँकेचं स्टेटमेंट, पोर्टलवरचा कॅश लेजर (भरलेल्या पैशांची नोंद), रिटर्नचं स्टेटस, हे सगळं तपासून मगच पुढे. घाईत दोनदा भरलेलं चलन परत मिळवताना जो मनस्ताप होतो, तो मूळ अडचणीच्या कितीतरी पट असतो.

यूपीआयलाही हाच नियम. पैसे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर दुकानात उभ्या उभ्या दुसऱ्यांदा पाठवू नका. ॲपमध्ये त्या व्यवहाराचं स्टेटस बघा, तिथे बारा आकडी व्यवहार क्रमांक असतो, त्याचा स्क्रीनशॉट काढा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याचे नियम ठरवून दिले आहेत. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. तक्रार त्या व्यवहारातूनच करा, ॲपमध्ये तशी सोय असते. बँकेने ३० दिवसांत काही केलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

इथे मला कळकळीने सांगायचंय: चिडलेल्या, घाबरलेल्या अवस्थेत गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. ठगांनी तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पैसे अडकलेला माणूस घाईत असतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. ते एखादं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात आणि खातं रिकामं करतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच लावायचा. कोणाच्या बाबतीत असं घडलंच तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी क्रमांक आहे, आणि जितका लवकर फोन तितकी पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता जास्त. तुमच्या फोनमध्ये बँकेचा खरा नंबर आणि १९३० हे दोन्ही आजच सेव्ह करून ठेवा.

आता प्रिंटरकडे येतो. तो सुटणारा आहे, आणि निम्म्या ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं न सुटता लोकांचा जीव खातो.

लाईट जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ का होतो? तुमचा प्रिंटर वायफायवर किंवा नेटवर्कच्या केबलवर असेल असं धरून सांगतो. राऊटर आपल्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, १९२.१६८.१.५ असा काहीतरी. लाईट जाते, राऊटर बंद होतो, परत आल्यावर तो पत्ते नव्याने वाटतो. सकाळी प्रिंटरकडे ५ नंबर होता, आता १२ आला. पण तुमचा कॉम्प्युटर अजून ५ नंबरवरच कागद पाठवतोय. भाडेकरूने खोली बदलली आणि पोस्टमन जुन्याच दारावर टकटक करतोय, असं ते असतं. प्रिंटर चांगला, कॉम्प्युटर चांगला, केबल चांगली, आणि तरीही छपाई बंद.

पडताळून बघायचं असेल तर प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापा. त्या कागदावर आजचा पत्ता असतो. मग कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ उघडा. तिथला पत्ता आणि कागदावरचा पत्ता वेगळा निघाला, की रोग सापडला. यावरचा कायमचा इलाज म्हणजे राऊटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावाने बांधून टाकणं. तुमच्या हार्डवेअरवाल्याला एवढंच सांगा, ‘प्रिंटरचा आयपी राऊटरमध्ये फिक्स करून द्या.’ आयपी म्हणजे हाच पत्ता. जाणत्या माणसाला दहा मिनिटं पुरतात. नुसतं ‘प्रिंटर चालत नाही’ म्हणालात तर तो येईल, ड्रायव्हर काढून परत टाकेल, छपाई सुरू होईल, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

प्रिंटर यूएसबी केबलवर असेल तर कारण वेगळं असतं. कोणीतरी झाडलोट करताना केबल काढून दुसऱ्या खाचेत लावली, की विंडोज कित्येकदा त्याला नवाच प्रिंटर समजतो आणि यादीत ‘कॉपी १’ असं नाव येतं. जुन्या नावावर दिलेलं प्रिंट अडकून राहतं. केबल मूळ खाचेत लावा, किंवा नव्या नावाला डीफॉल्ट करा.

आणि प्रिंट निघालं नाही म्हणून परत परत बटण दाबू नका. प्रत्येक वेळी एक काम रांगेत उभं राहतं. प्रिंटर सुरू झाला की त्याच चलनाच्या दहा-बारा प्रती धडाधड बाहेर पडतात, हे मी कितीदा पाहिलंय. आधी रांग रिकामी करायची, मग एकदाच प्रिंट द्यायचं. रांग रिकामी होत नसेल तर ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा, म्हणजे विंडोजमधला ही रांग सांभाळणारा भाग, थांबवून परत चालू करावी लागते. तेवढ्यात कागद हवाच असेल तर पीडीएफ करून खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. काम आज व्हायला हवं, ते आपल्याच प्रिंटरवर व्हायला हवं असं नाही.

पावसाळ्यात आणखी एक. जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतला ओलावा ओढतो, दोन-दोन पानं चिकटून आत जातात आणि कागद अडकतो. लोक प्रिंटर खराब झाला म्हणतात. रिम उघडी ठेवू नका, प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवा, ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद भरा आणि घालण्याआधी गठ्ठा सैल करून घ्या. कोकणातल्या एका ऑफिसात मी एवढंच सांगितलं होतं, आणि तिथून येणारी कागद अडकल्याची तक्रार थांबली.

कॉम्प्युटरबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘दोनदा बंद करून चालू केला, काही फरक पडला नाही.’ यात तुमची चूक नाही, पण मेख आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि चालू करताना तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेलं काहीतरी अडकलेलंच परत येतं. ‘रीस्टार्ट’ केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून मशीन विचित्र वागलं की शट डाउन नको, रीस्टार्ट करा. आम्ही फोनवर सगळ्यात आधी तेच करायला लावतो, आणि बऱ्याचदा फोन तिथेच संपतो.

राऊटरचं उलट. त्याला प्लगमधून काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा, दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. पण मागचं बारीक भोक, ज्यात पिन घालून दाबतात, त्याला हात लावू नका. त्याने केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, आणि मग तो माणूस घरी येईपर्यंत नेट नाही.

घरच्या नेटचं एवढंच लक्षात ठेवा. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच पोहोचत नाहीये. वायर तुटली असेल, कुठे रस्त्याचं खोदकाम झालं असेल, झाडाची फांदी पडली असेल. अशा वेळी शंभर वेळा रीस्टार्ट केलंत तरी काही होणार नाही. एकदा कपाटामागे डोकावून बघा, बारीक वायर कुठे करकचून वाकली आहे का. फायबर काचेची असते, तिला तीव्र बाक दिला तर प्रकाश वाटेतच गळतो. तसं नसेल तर तक्रार टाका, तिकीट नंबर घ्या, आणि ‘नेट चालत नाही’ न म्हणता ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा. मग फोनवरचा माणूस तुम्हाला राऊटर बंद-चालू करायला लावत बसत नाही, आणि येणारा माणूस वायर जोडायचं मशीन सोबत घेऊन येतो. लाल दिवा नसेल, बाहेरची लाइन जोडलेली असल्याचं दाखवणारा ‘पॉन’ दिवा हिरवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर रीस्टार्ट करून बघा, आणि रिचार्ज संपलाय का तेही बघा.

आता लाईट. तुमच्या ऑफिसात यूपीएस आहे असं तुम्ही लिहिलंय, तरी कॉम्प्युटर बंद पडला. याचा अर्थ बहुधा बॅटरी गेली आहे. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची, ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. वरचा हिरवा दिवा लागलेला असतो, म्हणून सगळ्यांना वाटतं यूपीएस ठीक आहे. तपासायला सोपं आहे: घाई नसलेल्या दिवशी कामं सेव्ह करा, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि किती मिनिटं तग धरतो ते बघा. पाच मिनिटंसुद्धा निघत नसतील तर बॅटरी बदला, नव्या यूपीएसच्या निम्म्याहून कमी खर्चात होतं. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. त्यात कागदावर शाई भाजून बसवायला हीटर असतो, तो क्षणात इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस बसतो आणि सोबत कॉम्प्युटरही बंद करतो. त्याऐवजी राऊटर यूपीएसवर घ्या. त्याला वीज फारच थोडी लागते, आणि तो बंदच पडला नाही तर वरचा पत्ते बदलण्याचा गोंधळही बराच कमी होतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. तिथे कॉम्प्युटरवाला नको, इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि लगेच बोलवा.

इथे मला ऑफिसच्या मालकांना दोन शब्द बोलायचेत. फर्निचरवर लाखभर खर्च होतो आणि हजार रुपयांच्या आसपासची बॅटरी दोन वर्षं बदलली जात नाही. मग शेवटच्या तारखेला मशीन बंद पडतं आणि बोलणी खाते ती समोर बसलेली बाई. हा सरळ सरळ अन्याय आहे. साधनं धड ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मशीन पडलं तर ऑपरेटरला ओरडू नका, तिला विचारा की काय लागेल.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, डोकं शांत ठेवण्याकडे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. रोज अडलेल्या मशीनसमोर चिडलेली माणसं बघतो, त्यातून जे कळलंय ते सांगतो.

मागे कोणी उभं राहिलं की हात वेगाने चालायला लागतात. माणूस वाचायचं सोडतो आणि नुसतं दाबत सुटतो. म्हणून पहिली गोष्ट, माउसवरून हात काढा. स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा आणि फोटो काढा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल बदलली, ब्राउझर बदलला, अँटिव्हायरस बंद केला, हे सगळं एकदम केलं तर सुरू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दुसरी, वेळेला कुंपण घाला. पंधरा-वीस मिनिटं प्रयत्न, त्यापुढे दुसरी वाट. चिडचिड चढते ती ‘आता होईल, आता होईल’ करत दोन तास निघून गेल्यावर. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. जगातले निष्णात इंजिनिअर कामाला लागले, तरी असंख्य मशीन एकेक करून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जुजबी भागांवर चालू करून, ती सदोष फाइल काढावी लागली. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. मला त्यातलं हे हाताने लिहिणं फार महत्त्वाचं वाटतं. मशीन परत कधी येईल ते काउंटरवरच्या माणसाच्या हातात नव्हतं, पण कागदाची वाट होती, म्हणून उशिरा का होईना माणसं विमानात बसली.

ही दुसरी वाट आधी तयार असावी लागते, अडल्यावर सुचत नाही. घरासाठी सांगायचं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून बघा, साध्या दिवशी, म्हणजे पासवर्ड साठवला जाईल. मुलीचा फोटो, सही, आधार, मार्कशीट हे फॉर्मला लागणाऱ्या केबीच्या आकारात करून एका फोल्डरमध्ये फोनवर ठेवा. फॉर्म भरताना निम्मा वेळ फोटो लहान करण्यात जातो. घरात पाचशे-हजार रुपये रोख ठेवा. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर अडलं, तेव्हा खिशात नोट असलेल्याचं दूध-भाजी अडलं नाही.

ऑफिसात या सगळ्याच्या वर बॅकअप. प्रिंटर, नेट, यूपीएस, सगळं विकत मिळतं, हिशेबाचा डेटा मिळत नाही. रोज संध्याकाळी टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, आणि आठवड्याची एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा. कायम मशीनलाच खोचलेल्या पेनड्राइव्हला मी बॅकअप म्हणत नाही, व्हायरस आला की तोही जातो. तुमची मशीन अजून विंडोज १० वर असतील तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही साहेबांच्या कानावर घाला.

तिसरी गोष्ट साहेबांशी बोलण्याची. ‘सर, चालत नाहीये’ एवढंच सांगितलं की समोरच्याचा पारा चढतो, कारण त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं सांगून बघा: ‘सर, पोर्टल मोबाइलवरही उघडत नाही, म्हणजे आपल्याकडचा प्रश्न नाही. चलनं तयार आहेत, स्क्रीनचे फोटो काढलेत. आठ वाजता परत बसते.’ बिघाड कुठे, मी काय केलं, पुढे कधी. एवढं ऐकल्यावर बहुतेक माणसं मागून हटतात. तुमचे साहेब त्यातले नसतील तर गोष्ट वेगळी, पण तरीही तुमच्या मनावरचा भार कमी होतो. मुलीलाही हेच सांगता येतं: ‘लाइन बाहेर तुटली आहे, आपण हॉटस्पॉटवर भरू, तू फोल्डर उघड.’ तिला काम मिळतं, आणि तुमचा आवाज आपसूक खाली येतो.

शेवटची एक सवय, एक साधी वही. तारीख, वेळ, काय झालं, कोणता दिवा लागला होता, कशाने सुटलं, एवढंच लिहायचं. एका पतसंस्थेत रोज सकाळी अकराच्या पुढे-मागे नेट दोन मिनिटं जायचं. केबलवाल्याला शिव्या देऊन झाल्या, राऊटर बदलून झाला. तिथल्या क्लार्क बाईंनी महिनाभर वेळा लिहून ठेवल्या होत्या. ती पानं बघितली आणि अकराला इथे काय घडतं ते विचारलं. अकराला चहा होत असे. चहाची इलेक्ट्रिक किटली आणि नेटवर्कचा स्विच (सगळे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) एकाच ढिल्या एक्स्टेंशन बोर्डवर होते. किटली लावली की तिथला व्होल्टेज बसायचा आणि स्विच बंद होऊन परत चालू व्हायचा. स्विचचा प्लग भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर घेतला, काम संपलं. तो बिघाड माझ्या मीटरने शोधला नाही, त्या बाईंच्या वहीने शोधला. आणि ज्यांनी ती वही लिहिली, त्यांनाही आधी असंच वाटायचं की आपल्याला यातलं काही कळत नाही.

पुढच्या वीस तारखेच्या आत, एखाद्या शनिवारी दुपारी, यूपीएसची चाचणी, प्रिंटरचा पत्ता आणि हॉटस्पॉट एवढी तीन कामं करून घ्या. बाकीचं हळूहळू झालं तरी चालेल. प्रिंटर वायफायवर आहे की केबलवर, आणि राऊटरच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर कोणतं मॉडेल लिहिलंय, ते मला कळवा. पट्टीवर पासवर्डही असतो, म्हणून फोटो टाकू नका, नुसतं मॉडेल लिहा. पत्ता कसा बांधायचा त्याच्या पायऱ्या त्या मॉडेलप्रमाणे मराठीत लिहून देतो.